पाहुणे नकोत, मानकरी हवेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या कडेला शंभर-सव्वाशे घरांची वसाहत. निम्म्याहून जास्त घरं हिंदू, पंचवीस-तीस मुस्लिम, जवळपास तितकीच बौद्ध, चार-पाच ख्रिस्ती. मागच्या वर्षी मिरवणुकीच्या आवाजावरून बाचाबाची झाली, मोबाइलवर नको ते मेसेज फिरले आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. मग काही जणांनी पुढाकार घेऊन सर्वधर्म स्नेहमेळावा घेतला. चार धर्मांचे चार वक्ते, शाल-श्रीफळ, दोनशे माणसं, शेवटी अल्पोपाहार. कार्यक्रम छान झाला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत मात्र जो तो पुन्हा आपापल्या माणसांतच उभा. प्रश्न विचारणाऱ्या ताई म्हणतात, "आमचं कुठं चुकलं? आणि पुढच्या वेळी इफ्तार ठेवू की दिवाळीचा फराळ?"

ताई, मी गेली सत्तावीस वर्षं सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात वस्त्यांमधून हेच काम करते आहे. असे मेळावे मीही घेतलेत. दोनशे माणसं जमवायला किती पायपीट करावी लागते ते मला माहीत आहे, म्हणून तुमच्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. एकच विचारते. त्या मेळाव्याची यादी कोणी केली? वर्गणी कोणी गोळा केली? सतरंज्या कोणी अंथरल्या, खुर्च्या कोणी परत पोचवल्या? माझा अंदाज असा की हे सगळं पाच-सहा जणांनी केलं आणि त्यातले बहुतेक एकाच समाजाचे होते. बाकीचे आले, बसले, खाऊन गेले. म्हणजे ते पाहुणे होते. पाहुण्याशी माणूस गोड बोलतो, पण अडल्यानडल्या वेळी रात्री बाराला पाहुण्याला फोन करत नाही.

तुमच्या वसाहतीत एकमेकांना भेटायला जागा नाही अशातला भाग नाही. रोज जिन्यात, रांगेत, रिक्षात भेट होतेच. कमी आहे ती एकमेकांवाचून अडेल अशा कामाची.

आपल्या जुन्या गावांना ही गोष्ट चांगली कळली होती आणि त्यासाठी त्यांच्याकडे शब्द होता: मान. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला पहिला गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. कडेगावच्या मोहरममध्ये जे उंचच उंच ताबूत निघतात त्यांतले काही हिंदूंच्या मानाचे आहेत. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, मग पुढे जाते. वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. तिथे एकदा पावसात गणपती भिजू नये म्हणून मशिदीत आणला, आणि पुढे तिथेच बसवण्याची रीत पडली. या सगळ्यांत दुसऱ्या समाजाला आमंत्रण नसतं, त्याचा वाटा ठरलेला असतो. तो माणूस आला नाही तर पुढचं काही हलत नाही. मानकऱ्याची वाट बघावी लागते, तो रुसला तर त्याला आणायला जावं लागतं. यातूनच माणसं एकमेकांना धरून राहतात.

पण मी या परंपरांचं फक्त कौतुक करून थांबणार नाही. त्याच मिरजेत २००९ साली गणेशोत्सवात दंगल झाली. उरूस होता, मान होता, तरीही झाली. मला दिसलं ते असं: जुने मान वर्षातून एकदा येतात आणि ते ठरावीक घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांकडे असतात. गावाबाहेरच्या नव्या कॉलन्यांना आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना त्यात काहीच वाटा नसतो. गर्दीत दगड उचलणारं पोर याच वयाचं असतं. म्हणून आपल्याला नवे मान तयार करावे लागतात. ते छोटे हवेत, वारंवार यायला हवेत आणि तरुण हातांत असायला हवेत.

अभ्यासकांनीही हे वेगळ्या वाटेने सांगितलं आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीजोडीने तपासली, उदाहरणार्थ दंगली होणारं अलीगड आणि शांत राहणारं केरळातलं कोळिकोड. त्यांना आढळलं की नुसती ये-जा, सणाला डबा देणं हे शांततेच्या काळात पुरतं, पण अफवा उठली की ते तुटतं. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब यांत हिंदू आणि मुस्लिम एकत्र सभासद असतात तिथे तणाव शहरभर पसरत नाही. आपल्याकडे भिवंडीचं उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ साली तिथे मोठ्या दंगली झाल्या. नंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांना सोडून साध्या माणसांना, दोन्ही धर्मांच्या, पोलिसांबरोबर नियमित बसवलं. १९९२-९३ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. १९९४ साली मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि शांततेचं काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांनी जी मोहल्ला समितीची चळवळ सुरू केली, ती दंगलीच्या त्या अनुभवातूनच.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण एकाच औषधाने सगळे ताप उतरत नाहीत. तुमच्याकडे बाचाबाची झाली, कोणाला मार लागला नाही, घर जळलं नाही, असं गृहीत धरून मी लिहिते आहे. जिथे खरोखर हिंसा झाली आहे तिथे लगेच एकत्र जेवायला बोलावू नका. ज्याचा हातगाडा जाळला त्याला आधी तक्रार नोंदवायला, पंचनामा करून घ्यायला, भरपाई मिळवायला मदत लागते. त्याच्याबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढा. ते न करता त्याला स्टेजवर बसवून "झालं गेलं विसरा" म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. निवडणूक दोन-तीन महिन्यांवर असेल तरी थांबा, नाहीतर तुमच्या कामावर कुणाचा तरी फ्लेक्स लागेल. आणि वसाहतीत सगळे मिसळून राहतात की एकेका समाजाची वेगळी गल्ली आहे, यावरही फरक पडतो. वेगळ्या गल्ल्या असतील तर भेटीची जागा दोन्हींच्या मध्ये हवी. शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडी चालते, कोणाच्याही देवळाचा वा मशिदीचा हॉल सुरुवातीला नको.

तुमच्या वसाहतीत मी काय करीन? पहिले दीड महिना काहीच कार्यक्रम नाही. रोज संध्याकाळी दोन घरं. एकटीने नाही, दुसऱ्या समाजाच्या एका व्यक्तीला बरोबर घेऊन. विषय धर्माचा नाही. "इथं राहताना कशाचा त्रास होतो?" एवढंच विचारायचं आणि वहीत लिहायचं. मी हे जिथे जिथे केलं तिथे वहीत पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे आणि मुलांचा अभ्यास हेच येत गेलं. एका वस्तीत दहावीची मुलं घरात जागा नाही म्हणून जिन्यात बसून वाचायची. ही तक्रार चारही समाजांच्या घरांत होती. आम्ही शाळेची एक खोली मागून घेतली आणि डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका चालवली.

त्या अभ्यासिकेत मी जे शिकले ते कुठल्या शिबिरात शिकले नाही. खोलीच्या किल्लीची आम्ही पाळी लावली. रोज दोन पालकांनी किल्ली आणायची, तीन तास मुलांवर लक्ष ठेवायचं, दिवे-पंखे बंद करून कुलूप लावायचं. दोघे वेगवेगळ्या समाजांचे, आणि जोडी संपूर्ण हंगाम तीच. पहिल्या आठवड्यात लोक खोलीच्या दोन टोकांना मोबाइल बघत बसले. पण तीन तास मोबाइल तरी किती बघणार? आधी मुलांच्या मार्कांवरून बोलणं निघालं, मग गुडघेदुखीवरून, मग गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवरून. फेब्रुवारीत एका रात्री मेसेज आला की आपल्या वस्तीतल्या पोराला पलीकडच्या मोहल्ल्यात मारलं. चौकात पोरं जमायला लागली. त्या वेळी मंगळवारच्या पाळीतल्या दोघांनी, एक रिक्षाचालक आणि एक अंगणवाडी मदतनीस, एकमेकांना फोन केला आणि एकाच रिक्षातून सरळ दवाखाना गाठला. मुलगा खडीवर दुचाकी घसरून पडला होता. दोघांनी त्याच्या आईला फोनवर बोलायला लावलं आणि ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात चौक रिकामा झाला. त्यांना कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. तीन महिने किल्ली सांभाळताना एकमेकांचा नंबर आणि स्वभाव दोन्ही तोंडपाठ झाले होते.

पैशाचं दोन ओळींत सांगते. प्रत्येक घराकडून सारखी आणि छोटी वर्गणी, पावती प्रत्येकाला, हिशेब दोन समाजांच्या दोघांकडे. पुढाऱ्याची देणगी नको, कितीही मोठी असली तरी.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण माणसं इथे दुखावतात आणि तोंडाने बोलत नाहीत. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, ही कल्पना ऐकायला गोड आहे. मी ती एकदा राबवली आणि शेवटी एका बाईंचा डबा जसाच्या तसा परत गेला. कोणी वाईट बोललं नाही, फक्त कोणी वाढून घेतलं नाही. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. कोणाला हलालची अट असते, कोणाकडे श्रावण पाळतात, कोणी दुसऱ्याच्या घरच्या भांड्यातलं खात नाही, जैन घर असेल तर कांदा-लसूण-बटाटा नको. ही अढी लाजवून जात नाही, वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला तयार पदार्थ कोणाच्याच घरून नको. जागेवर, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या हातांनी करायचं. माझा आवडता पदार्थ भेळ. चुरमुरे, फरसाण, शेव दुकानातून येतं, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर समोर चिरली जाते, चिंच-गुळाचं पाणी समोर कालवलं जातं. पंधरा जण कांदा चिरायला बसले की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि हसू फुटतं. बिनकांद्याची थोडी आधी बाजूला काढून ठेवा. दोन-तीन वेळा भेळ झाली की पावभाजी, मग चुलीवरची खिचडी. माझ्या अनुभवात सात-आठ महिन्यांनी लोक आपण होऊन एकमेकांच्या घरच्या डब्यात हात घालायला लागतात. शीरखुर्मा आणि पुरणपोळी त्यानंतर.

म्हणून तुमच्या इफ्तार की फराळ या प्रश्नाला माझं उत्तर: यंदा दोन्ही नको. दुसऱ्याच्या उपासाची मेजवानी आपण भरवली तर रोजेदार आपल्याच सणाला पाहुणा होतो. मशिदीच्या जमातीने स्वतः बोलावलं तर जरूर जा, वेळेआधी जा आणि पाणी वाटायला, चपला नीट लावायला उभे राहा. तसंच गणपतीच्या मिरवणुकीत कडेची दोरी धरायला मुस्लिम पोरं असोत आणि भीमजयंतीला पाण्याचा स्टॉल ख्रिस्ती आणि हिंदू घरांनी लावावा. हे सणातले मान. पण ते दुसऱ्या वर्षी, एकमेकांची सवय झाल्यावर.

तारखा ठरवताना चार कॅलेंडरं समोर ठेवा. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२२ साली रमजान चालू असतानाच १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, १५ ला गुड फ्रायडे आणि १६ ला हनुमान जयंती आली. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. हा निर्णय जिथे आधी एकत्र बसून झाला तिथे दोन्ही बाजूंना तो आपला वाटला. वर्षाच्या सुरुवातीला बसून अशा तारखा शोधणं हेच एक चांगलं निमित्त आहे. आठवड्याची वेळ ठरवताना शुक्रवारची दुपार, रविवार सकाळचा मिस्सा आणि विहारातली वंदना, संध्याकाळची मगरिबची नमाज सांभाळा. मी शनिवारी रात्री साडेआठनंतर किंवा रविवारी दुपारी चार ते साडेपाच बसते.

सुरुवात कशाने करायची यावरही बऱ्याच ठिकाणी नकळत चूक होते. नारळ फोडणं, प्रतिमापूजन, गंध लावणं हे अनेक हिंदू घरांना साधं सांस्कृतिक वाटतं, इतरांना तसं वाटत नाही. विशेषतः बौद्ध कुटुंबांना आपण हिंदूंच्या खात्यात धरतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे, गणपतीचं नाव घेऊन आहे. त्या घरांना गणेश मंडळाच्या मंडपात बसवून "हा तर सगळ्यांचा कार्यक्रम" म्हणणं बरोबर नाही. आम्ही संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन करतो, दर वेळी वेगळ्या मुलाकडून. तेवढं पुरतं.

धर्मगुरूंना आणि ट्रस्टींना आधी भेटा, काय करतो आहोत ते सांगा, त्यांची हरकत समजून घ्या. पण स्टेजवर भाषणाला बोलावू नका. आणि एका माणसाला त्याच्या समाजाच्या वतीने बोलायला सांगू नका. सुरुवातीच्या काळात मी एका वयस्कर चाचांना म्हटलं होतं, "मुस्लिम समाजाच्या वतीने दोन शब्द बोला." ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी पोस्टात नोकरी केली, पत्रं वाटली. या गावातलं प्रत्येक दार मला माहीत आहे, त्यावर बोलतो. समाजाच्या वतीने बोलायला मला कोणी निवडलेलं नाही." मी त्यांची माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्याकडे माणूस आपल्या गल्लीवर, आपल्या कामावर बोलतो.

बायकांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवावं असं तुमच्या मनात असेल. त्यात मुस्लिम, बौद्ध बायका अवघडतातच, पण हिंदू विधवाही बाहेर राहतात. त्याऐवजी नुसता तिळगूळ ठेवा, वाण म्हणून रोप द्या आणि सगळ्यांना बोलवा. आमच्याकडे पहिल्यांदा असं केलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद एका विधवा आजींना झाला. बारा वर्षांनी त्या कोणाच्या समारंभाला गेल्या होत्या.

तरुणांसाठी क्रिकेट ठेवणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: या गल्लीचा संघ विरुद्ध त्या गल्लीचा संघ, असं कधीही नको. संघ चिठ्ठ्या टाकून मिसळा. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या स्पर्धा घेऊन हे तपासलं. एका संघात खेळलेल्यांत दुसऱ्या जातीचे मित्र वाढले, समोरासमोर खेळलेल्यांत उलट कमी झाले. तो प्रयोग जातींबाबत होता, पण धर्मांच्या बाबतीतही मी मैदानावर हेच पाहिलं आहे.

आणि अपेक्षा किती ठेवायची? इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घालून सल्मा मूसा या संशोधिकेने अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. संघातल्या संघात मैत्री झाली, सहा महिन्यांनीही ते एकत्र सराव करत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही. मला यात निराशा वाटत नाही. अभ्यासिकेतल्या दोघांनी सगळ्या जगातल्या हिंदू-मुसलमानांवर प्रेम करावं अशी माझी मागणी कधीच नव्हती. त्या रात्री त्यांनी एकमेकांचा फोन उचलला, मला तेवढं हवं होतं. म्हणूनच अशा जोड्या प्रत्येक गल्लीत लागतात. एका ठिकाणचा विश्वास आपोआप दुसऱ्या गल्लीत चालत जात नाही.

मूळ भांडण आवाजाचं होतं, तेही सोडून देऊ नका. ते धर्माचं भांडण म्हणून हाताळलं तर सुटणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, सरकारने खास सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. हा नियम लग्नाच्या वरातीला, मिरवणुकीला, उरुसाला, जयंतीला सारखाच लावायचा, असं एका कागदावर लिहून चारही समाजांच्या सह्या घ्या. दहा वाजता आवाज बंद करा म्हणून सांगायला जाणारी जोडी आधीच ठरवून ठेवा, आणि त्यात ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांच्यातलाच एक जण असू द्या.

तर क्रम असा धरा: दीड महिना जोडीने घरभेटी, वहीतून एक सामायिक काम, त्या कामाच्या ठरलेल्या पाळ्या, महिन्यातून एकदा भेळ, सण दुसऱ्या वर्षी. पहिल्या तीन महिन्यांत फोटो काढू नका, बातमी देऊ नका. पहिल्या बैठकीला दोनशेच्या जागी नऊ जण आले तरी बैठक घ्या. उठण्याआधी फक्त एवढं ठरवा की या आठवड्यात किल्ली कोणत्या दोघांकडे.